आंब्याला मिठी मारलेला वड

आमच्या हरिश्चंद्रकाकाच्या परसातल्या रायवळ आंब्यावर कुठल्याशा पाखराने वडाचे बी टाकले आणि ते उडून गेले. निस्तरायला काका राहिला.

वीस वर्षांत वडाने वरून मुळ्या सोडून आंब्याला असे काही आवळले की आंब्याचे खोड शोधावे लागे. पूर्वी टोपल्या भरायच्या, चौऱ्याऐंशी साली सतराच आंबे लागले. काका म्हणाला, "पुढल्या साली झाडच मरेल," आणि कोयतीला धार लावायला बसला.

पण दुसरा वड खाडीपलीकडे. म्हणून वटपौर्णिमेला वाडीतल्या सगळ्या बायका याच वडाला सूत गुंडाळायच्या, आणि सर्वांत पुढे आमची सगुणाकाकी.

"वडाला हात तर लावून बघा! माझे सात जन्म गुंतलेत त्यात."

"आणि माझा आंबा गुदमरतोय तो?"

आमच्याकडे असले तंटे देवळात जातात. बाबल्या गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकाने सकाळीच जाऊन विचारले, "वड तोडू?" उजवी पडली. काकीला कळले तशी ती तरातरा देवळात गेली. "वड राखू?" पुन्हा उजवी!

देवीने दोघांनाही हो म्हटले. मला तर तिचे कौतुकच वाटले. पिढ्यान्‌पिढ्या नवराबायकोची गाऱ्हाणी ऐकून तीही शहाणी झाली असणार. बाबल्याने मात्र हात जोडले. "तिसऱ्यांदा विचारू नका, देवी कोपेल. घरी जावा नि काय ते मिटवा."

काका कोयती घेऊन झाडापाशी गेला. मागोमाग काकी, आणि तिच्यामागे वाडीतल्या झाडून साऱ्या बायका. आता ही बया आडवी पडणार, असे आम्हाला वाटले. पण काकी अगदी शांत होती.

"तोडा. मी अडवत नाय. फक्त एक सांगा, सात जन्म मी हवी की हा आंबा?"

काकाने चटकन उत्तर द्यायला हवे होते. तो आंब्याकडे बघायला लागला. बघतच राहिला. अरे बाबा, खोटे तरी बोल!

काकीने त्याच्या हातातली कोयती घेतली, पदर खोचला आणि वडाची पहिली मुळी स्वतःच तोडली.

"एक जन्म पुरे झाला," ती म्हणाली.

मागे उभ्या बायकांनी एकमेकींकडे बघितले. मग त्यांच्यातली आनंदीबाई आपल्या घरची कोयती आणायला धावली.