उद्यापनाचं कुंकू

मार्गशीर्षातले गुरुवार संयोगितानं बावीस वर्षांत एकदाही मोडले नव्हते. शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी सुनेनं, अनुजानं, तिला आणि शेजारच्या चिमणाबाईंना शाहूपुरीत पिक्चरला नेलं.

पिक्चर नुसता गाण्यांचा. एका जाड, सावळ्या पोरीला गावच्या नाचात कुणी घेत नाही. शेवटी ज्यांना ज्यांना म्हणून कधी बाजूला बसवलं होतं, ते सगळे तिच्याभोवती फेर धरतात. संयोगितानं जपमाळ पिशवीत टाकली आणि टाळ्या वाजवल्या. डोळेही पुसले. चिमणाबाई तर खुर्चीतच डुलत होत्या.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "ग्वाड नाचली की पोरगी, वैनी. मला वाटलं, हिलाबी मागल्या दारानं लावून देत्यात का काय."

सहज म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं.

चिमणाबाईंचा नवरा गेल्यापासून नऊ वर्षं उद्यापनाला त्याच कलशातल्या पाच डहाळ्या आणत, चौरंग मांडून देत आणि हळदीकुंकवाच्या सवाष्णी यायच्या आत परसातून निघून जात. जा, असं संयोगिता कधी म्हणाली नव्हती. थांबा, असंही नाही.

गुरुवारी चारच्या सुमाराला त्या उठल्या. "जातो मी."

"आज थांबा," संयोगिता हळूच म्हणाली. "पहिलं कुंकू तुम्हाला लावणार."

"बायका काय म्हणत्याल?"

"म्हणू देत."

चिमणाबाई बसल्या. पदर सारखा केला. तेवढ्यात फाटक वाजलं, भैरवीकाकूंची हाक आली, "संयोगिता, आलो गं आम्ही." संयोगिताचं बोट करंड्यातल्या कुंकवात होतं. आणि तिची नजर, तिला न विचारता, मागच्या दाराकडं गेली.

क्षणभरच. पण चिमणाबाईंनी ती पाहिली. चपला हातात घेऊन त्या गेल्या.

सात सवाष्णींच्या ओट्या भरल्या. आरती झाली. दिवेलागणीला, उपास न सोडताच, संयोगिता पुरणपोळीचं ताट घेऊन शेजारी गेली.

"चिमणाबाई, मघाशी माझं..."

"आणा हिकडं." त्यांनी हसून ताट घेतलं. "आन् वैनी, फुडल्या साली डहाळ्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. गुडघं लई दुखत्यात माझं."

संयोगितानं मान हलवली. काल थिएटरच्या पायऱ्या हीच बाई तिच्या आधी चढून गेली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.