तळहातावरची बटणं

आमच्या वन्संचं बटणांचं दुकान आहे. नुसती बटणं. शिंपल्याची, लाकडाची, काचेची, पितळेची. भिंतभर छोटे खण आणि खणाखणात वेगळा चमचमाट. नवं बटण आलं की त्या ते डाव्या तळहातावर ठेवतात आणि उजव्या हाताने फोटो काढतात. ही त्यांची रीत.

दुकानाची साइट मी करून दिली. लेक झाल्यानंतरचं माझं पहिलंच काम. ती मांडीवर झोपली की एका हाताने थोपटायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. अशा चोरलेल्या दुपारींवर ती साइट उभी राहिली. शेवटी उरलं शोधाचं पान. कुणी 'निळं बटण' शोधलं तर समोर काय यावं, कसं यावं, ते मी ठरवायचं. मी फोटोखालची तारीख काढून टाकली, वर्णन एका ओळीवर आणलं आणि सगळे फोटो मधोमध कापून एकसारखे चौकोन केले. हात गेला, बटण राहिलं. स्क्रीनवर निळे चंद्र ओळीने उगवले. मी आपली स्वतःवरच खूश.

काही दिवसांनी वन्सं दारात उभ्या. हातात परत आलेली पाकिटं.

"वहिनी, एका बाईने बाळाच्या झबल्यासाठी मागवलं, आणि तिला गेलं हे!" त्यांनी ओव्हरकोटाचं बटण माझ्या नाकासमोर धरलं. "बशी आहे, बशी! बाळ त्यात जेवेल."

"पण आत लिहिलाय ना हो आकार. बटणाच्या पानावर."

"आत जातंय कोण? लोक बाहेरच्या बाहेर चित्र बघतात नि मागवतात. आणखी एक पाकीट परत आलं ना, तर साइट बंद. मी बरी नि माझं दुकान बरं." मग लेकीकडे बघून आवाज उतरला. "आणि माझा हात का गं काढलास? सुरकुत्या दिसत होत्या म्हणून?"

"नाही हो वन्सं. नीटनेटकं दिसावं म्हणून."

"हं," म्हणाल्या आणि चहाही न घेता गेल्या.

त्या दुपारी पडदा हळूहळू श्वास घेत होता. लेकीचा श्वास माझ्या मनगटावर. साइट बंद झाली तर पुन्हा मला काम कोण देणार, हे मनात घोळवता घोळवता माझाच डोळा लागला. निळे चंद्र स्क्रीनमधून उतरले आणि खोलीभर तरंगू लागले. सगळे एकाच मापाचे. लेक हात उंचावून एकेकाला धरू बघत होती. जवळचा कुठला, लांबचा कुठला, तिला कळेना. मलाही कळेना. तेवढ्यात एका चंद्राखाली एक तळहात आला, सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालेल्या बोटांचा, आणि चंद्र त्यावर उतरला तो मुगाएवढा होऊन.

मी जागी झाले. लेक झोपलेलीच होती.

एका हाताने साइट उघडली. फोटो कापायचा नियम काढला आणि अख्खा फोटो दिसू दिला. नावाखाली लगेच आकार. मग 'निळं' असं शोधलं. ओळीने तळहात उघडले, सगळे एकाच बाईचे, जणू प्रत्येक जण म्हणत होता, घे ना.

वन्संना फोन लावला. "शोधून बघा."

दुकानातल्या पंख्याच्या आवाजात त्यांनी पुटपुटत 'निळं' टाइप केलं. "अगंबाई, जिकडेतिकडे मीच की!" मग हळूच, "आधी सांगितलं असतंस तर हाताला जरा तेल तरी लावलं असतं."

पाकिटं परत यायची थांबली. एके दुपारी मात्र वन्संनी एक फोटो पाठवला. झबल्यावाल्या बाईने पुन्हा मागवलं होतं आणि मिळालेलं बटण दाखवलं होतं, स्वतःच्या तळहातावर ठेवून. खाली वन्संनी लिहिलं होतं, 'राहू दे गं साइट.'

लेक चुळबुळली. मी स्क्रीन मिटली आणि तिची मूठ माझ्या हातात घेतली.