शाईची बाजू

पौडच्या नरहरीनं तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, पण बायकोचा हसरा फोटो त्याला एकदाही काढता आला नाही. कॅमेरा दिसला की रत्नाबाई फौजदारासमोर उभी केल्यासारखं तोंड करायची. २००७च्या पौषात ती गेली. आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं, आणि तिचा हसरा चेहरा घेऊन दिग्विजय दारात उभा.

हा बावधनला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. उन्हात निळे फोटो कसे छापतात ते शिकायला दर रविवारी यायचा. रत्नाबाई जायच्या दोन महिने आधी त्यानं अंगणात कॅमेरा स्टँडवर लावला आणि फाटकाशी उभं राहून लांबूनच रिमोटचं बटण दाबलं. मध्ये रत्नाबाई बसली होती, आणि फाटकाच्या विरुद्ध बाजूला नरहरी हौदावर कागद धूत होता. त्याच फोटोची निगेटिव्ह दिग्विजयनं आता पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून आणली होती.

"काका, शाईची बाजू कागदाला टेकवा हं."

"तू मला शिकवतुयास? तुझ्या जन्माआधीपास्नं हेच करतोय मी."

माझ्यासमोर कधी हसली न्हाई, अन् ह्या कालच्या पोरापुढं हसली. नरहरीच्या डोक्यात तेच. एरवी तो निगेटिव्ह बोटानं चाचपून बाजू बघायचा. आज चाचपलीच नाही. निळ्या छपाईचा मसाला लावलेल्या कागदावर ती ठेवली, वर काच दाबली आणि चौकट उन्हात टाकली.

पंधरा मिनिटांनी हौदात कागद धुतला. निळ्यातून रत्नाबाई वर आली. जराशी पुसट, पण हसत होती. डोळे फाटकाकडं.

"बघ. तुझ्याकडंच बघतीया."

दिग्विजय खाली बघू लागला. नरहरी मात्र कागदावरून नजर काढेना.

"चमकी उजव्या नाकपुडीत कशी?"

"काका, प्लॅस्टिक उलटं बसलंय."

नरहरीनं प्लॅस्टिक काढलं. दुसरा कागद घेतला, या वेळी बाजू चाचपली. पुन्हा ऊन, पुन्हा पाणी. चमकी डावीकडं आली, चेहरा रेखीव आला. आणि डोळे वळले ते हौदाकडं.

"काय झालं हुतं रं तवा?"

"तुमच्या नाकाला निळा मसाला लागला होता. काकू म्हणाल्या, 'बघ, आमचा बैल पोळा नसतानाच रंगला.'"

"मला न्हाई ऐकू आलं."

"नळ चालू होता." दिग्विजयनं त्याच्या नाकाकडं बोट केलं. "आजही लागलाय, काका."

नरहरीनं नाक पुसलं नाही. ओला कागद दोरीला लावला आणि तिच्यासमोर उभा राहिला.