बुकरमची अक्षरं

"के, एल, ओ, टी, एच. क्लॉथ," सासूबाई म्हणाल्या. "आता यात खोट काढू नका."

सासऱ्यांनी मान हलवली. डावा हात हळूहळू पुढे आणून त्यांनी 'के' बाजूला सरकवला आणि उरलेल्या अक्षरांतून 'सी' शोधून त्याच्या जागी ओढत आणला. एवढ्यानेही त्यांच्या कपाळावर घाम आला.

"ऐकू येतो 'क' आणि लावायचा 'सी'. कोण ठरवतं हो हे असलं?"

सासऱ्यांच्या तोंडाचा जो अर्धा भाग हलत असे, तो हसला.

सासरे नोकरीभर एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. दिवसभर लोकांची नावं अक्षर अक्षर सांगायची आणि लिहून घ्यायची, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या जिभेवर होतं. रोज सकाळी पेपरातलं कोडं सोडवल्याशिवाय ते अंघोळीला उठत नसत. चौकटीत नऊ अक्षरं दिलेली असत. त्यांतून पाच अक्षरांचे शब्द करायचे, आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. सासूबाईंनी चहा देताना डोकावलं की म्हणायचे, "तुला नाही कळायचं ते." यात कुचेष्टा नसायची. त्यांना ते खरंच वाटायचं. सासूबाईही मनाला लावून न घेता बाहेरच्या खोलीत मशीनवर जाऊन बसत. झिपा बदलायच्या, पॅन्ट्स आखूड करायच्या, पडदे शिवायचे. निम्म्या गल्लीचे कपडे आमच्या खुंट्यांवर लटकलेले असत.

मग सासऱ्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घशातून एक "हं" तेवढा निघे, होकाराला तोच आणि नकारालाही तोच. बोलणं शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, त्यांच्या आवडीचं काहीतरी करत राहा, डोकं चालतं राहिलं पाहिजे.

आधी माझा नवरा कोडं घेऊन बसला. त्याला ऑफिस गाठायचं असायचं. सासरे विचार करू लागले की हाच उत्तर सांगून मोकळा व्हायचा. दोन-तीन दिवसांत सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"त्यांना नकोय ते," नवरा म्हणाला.

त्या दुपारी सासूबाईंचं मशीन चाललं, पण गिऱ्हाइकाचा एकही कपडा हातात नव्हता. कॉलरमध्ये घालतात त्या ताठ बुकरमचे चौकोन कापून त्यांवर जाड काळ्या दोऱ्याने त्या इंग्रजी अक्षरं शिवत होत्या. अडखळत्या बोटांनाही लागावीत अशी. 'एस' आधी उलटा झाला, तो उसवून पुन्हा शिवला.

"तुम्हाला जमेल का आई?" मी विचारलं.

"एबीसीडी येते. पुढचं ते शिकवतील."

"बोलता येत नाही त्यांना."

"मान तर हलते ना."

दुसऱ्या सकाळपासून सुरू झालं. पेपरातली नऊ अक्षरं निवडून त्या पलंगावरच्या पाटावर मांडत आणि एक शब्द लावत. तो चुकीचा निघे. सासरे वैतागत, "हं हं" करत आणि डाव्या हाताने दुरुस्त करायला धडपडत. भिंतीकडे बघणं बंद झालं. मला कौतुक वाटे आणि थोडी कीवही येई. एवढे दिवस झाले तरी सासूबाईंची गाडी तिथल्या तिथेच.

एकदा पहाटे पाणी प्यायला उठले, तर त्या मशीनवर वाकलेल्या. समोर पेपर उघडा होता आणि त्या दिवशीची अक्षरं मांडलेली होती. त्यांनी सरळ एकामागून एक तीन शब्द लावले, तिन्ही बरोबर. मग ते मोडले आणि एक शब्द मुद्दाम चुकवून लावून बघितला.

"आई, तुम्हाला येतंय की."

त्या दचकल्या. "हळू बोल. उठतील ते."

"मग रोज चुकता कशाला?"

"मी बरोबर लावला तर ते काय करतील? नुसते बघत बसतील." त्यांनी अक्षरं गोळा केली. "हात हलायला काहीतरी कारण नको का? तू बोलू नकोस हं कुणाला. माझ्या लेकालासुद्धा नाही."

मी बोलले नाही.

मग एका रविवारी सासऱ्यांचे बोर्डावरचे जुने जोडीदार भेटायला आले. बडबडे, मोकळे गृहस्थ. पाट मांडलेला बघून खूश झाले आणि खुर्ची ओढून बसले. सासूबाईंनी नेहमीसारखा एक शब्द लावला. एस, सी, आय, आर, टी.

"स्कर्ट," त्या म्हणाल्या.

पाहुणे खो खो हसले. "वहिनी, जन्मभर स्कर्ट शिवलेत आणि स्पेलिंग नाही येत? अहो, 'के' लागतो."

सासूबाई हसल्या. "आम्हाला कुठलं एवढं इंग्रजी!"

सासऱ्यांचा डावा हात पुढे आला. मला वाटलं, नेहमीसारखं दुरुस्त करतील. त्यांनी 'सी' बाहेर काढला, 'के' उचलला आणि तो स्वतः न लावता सासूबाईंच्या हातावर ठेवला. मग पाहुण्यांकडे वळले. ओठ दोन-तीनदा उघडले, मिटले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"तिला," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "येतं."

पाहुणे उठून उभेच राहिले. माझा नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. 'के' रिकाम्या जागी ठेवून त्या पाचही चौकोन बोटाने एका ओळीत सारखे करत राहिल्या, सारखे झाल्यावरही.

सासऱ्यांचं बोलणं पुढे फारसं सुधारलं नाही. आठवड्यातून एखाददुसरा शब्द, तोही लागला तर. पण त्या दिवसानंतर सासूबाई मुद्दाम चुकल्या नाहीत. एक शब्द त्यांचा, एक सासऱ्यांचा, असं चालू झालं. सोपे शब्द संपले की दोघं पाटावर डोकी खुपसून गप्प बसून राहत. खुंटीवरचे कपडे तसेच राहत आणि गिऱ्हाईक दारात ताटकळे.

"मावशी, पॅन्ट झाली का?"

"थांब जरा," सासूबाई मान वर न करता म्हणत. "आमचा एक शब्द अडलाय."