दुसरी रेघ

"पट्टी घट्ट धरा," ती म्हणाली आणि काच कापायची हिरकणी आरशावर टेकवून तशीच उभी राहिली.

पट्टी मी धरलेलीच होती. आमच्या दुकानात माझं काम तेवढंच: माप घेणं, पट्टी धरणं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. काच कापते माझी बायको. हा धंदा ती आणि तिचा दादा वडिलांच्या हाताखाली शिकले; मी लग्नानंतर आयता आलो. गल्ली तिला काचवाल्या वहिनी म्हणते आणि मला वहिनींचे मिस्टर.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोटांना मुंग्या आल्यात."

तिनं हिरकणी खाली ठेवली आणि मनगट धरलं, नाडी बघायला.

दादा गेल्यापासून हे सुरू झालं. त्याच्या दुकानात, काम करता करता तो छाती धरून खाली बसला आणि उठलाच नाही. ही जाऊन आली, डोळे पुसले आणि कामाला लागली. मला वाटलं, बाई खंबीर आहे. मग एक दिवस भाजी चिरताना तिला धडधडायला लागलं, श्वास पुरेना, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आम्ही धावतपळत दवाखाना गाठला. ईसीजी छान आला. पुन्हा तेच झालं, पुन्हा छान आला. पुढच्या खेपेला तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हृदय ठणठणीत आहे तुमचं."

"मग मला होतंय ते काय नाटक?" बायको तापलीच.

"नाटक कसलं? धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत. मन घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती जोरात धडधडते, श्वास भराभर होतो, त्यानं बोटं बधिर होतात. तुम्ही मात्र पळत नाही, नाडी धरून बसता. नाडी जोरात लागली की आणखी घाबरता."

"मग करू काय?"

"धडधड थांबायची वाट बघू नका. श्वास सावकाश सोडा आणि हातातलं काम करत राहा. आणि मनावरचं कुणाशी तरी बोला."

बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "पोरगी हुशार आहे. पण तिला काच कापायची नसते."

त्यात तथ्य होतं. काच कापताना रेघ एकदाच ओढायची असते. नीट उमटली का अशी शंका आली तरी हिरकणी त्याच रेघेवर पुन्हा फिरवायची नाही. फिरवली की काच कुठून फुटेल ते देवालाही सांगता येत नाही. हे तिला लहानपणापासून पाठ. तरी परवा खिडकीची साधी काच कापताना तिनं दुसऱ्यांदा रेघ ओढली आणि काच वेडीवाकडी फुटली. मला हात लावू न देता तिनं तुकडे स्वतः झाडले.

"नाचाचा क्लास घेणाऱ्या बाईंचे आरसे कापून बघते," ती तेव्हा म्हणाली. "तेही बिघडले तर कापायला माणूस ठेवा. मी काउंटरवर बसेन."

काउंटरवर मी बसतो, मला त्या जागेची किंमत माहीत आहे. टेबलापासून लांब बसली तर ही वर्षभरात म्हातारी झाली असती.

आज त्याच आरशांचा दिवस होता. नाचाच्या बाई स्टुलावर बसल्या होत्या.

"वहिनी, बरं नसेल तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून मशीनवर कापून आणते."

"बसा हो," बायको म्हणाली. मग तिनं मनगट सोडलं आणि माझ्याकडे वळली. "अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"रोज बोलता ते. तुमचं तोंड बंद असलं की मला जास्त भीती वाटते."

भीती. इतके दिवस आमच्या घरात पित्त होतं, गॅस होता, अशक्तपणा होता. हा शब्द तिनं पहिल्यांदाच काढला. मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या नव्या टोपाची गोष्ट सुरू केली. टोप असा बसलाय की भांग कानावर येतो. नाचाच्या बाई हसल्या. बायको वाकली. आरशात तिला तिचाच पांढराफटक चेहरा दिसत असणार.

"धडधडतंय?" मी मध्येच विचारलं.

"धडधडतंय. धडधडू दे."

तिनं सावकाश श्वास सोडला आणि हिरकणी ओढली. चर्र आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटला नाही. पण रेघ संपली तरी हिरकणी हातातच होती. हात उलटा निघाला, रेघेच्या सुरुवातीकडे. मी औषधवाल्याचा टोप सोडला नाही. तिचा हात काचेच्या वर अधांतरी थांबला. मग तिनं हिरकणी बाजूला ठेवली, रेघ टेबलाच्या कडेवर आणली आणि दोन्ही हातांनी दाब दिला. आरसा सरळ, स्वच्छ सुटला.

नाचाच्या बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या. बायको कापलेल्या कडेची धार घासत होती.

"दादानं आदल्या दिवशी फोन केला होता," ती मान खाली घालूनच म्हणाली. "छातीत कसंतरी होतंय म्हणाला. मी म्हटलं, पित्त असेल, झोप जा."

मी फडकं उचलून तिच्या हाताशी ठेवलं.

"कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. घासणं थांबलं नाही. कड गुळगुळीत झाल्यावर तिनं पदरानं डोळे टिपले, हात फडक्याला पुसले आणि भिंतीशी उभ्या असलेल्या पुढच्या आरशाकडे गेली.

एवढा आरसा एकट्यानं उचलायचा नसतो. मी जाऊन दुसरी बाजू धरली.