अर्धा स्वर खाली

रविवारी ते लांबलचक स्तोत्र सुरू झालं की कॅथेड्रलमधली म्हातारी माणसंसुद्धा खोकला आवरून धरत. सहा कडवी. पहिली पाच गायनमंडळाने नुसत्या गळ्यावर म्हणायची, ऑर्गन गप्प. सहाव्याला वरच्या सज्ज्यातून ऑर्गनने सूर उचलून धरायचा आणि मग सगळ्यांनी उभं राहून गायचं. हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. चौदा जणांचं मंडळ पाच कडवी सूर सोडत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती सांगताना मंडळापुढे उभे राहून हातांनी ताल देणारे मास्तर चांगले दोन इंच उंच होत.

मग ऑर्गन वाजवणारे काका न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांच्या जागी संगीतशाळेतून एक मुलगी आली. हुशार, नेमकी, कागदावर असेल ते वाजवणारी. पाचवं कडवं संपलं, तिने सहाव्याचा पहिला सूर दाबला आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी चक्क कानावर हात ठेवले. ऑर्गन एकीकडे आणि मंडळ एकीकडे. बिचारी मुलगी रडवेली झाली, पण चूक तिची नव्हती. ऑर्गन आपल्या जागी होता. मंडळच अर्धा स्वर खाली घसरलं होतं.

काकू त्याच मंडळात गात. काकू म्हणजे काकांची बायको; मंडळात एकतीस वर्षं झालेली, घरी शिवणाचं मशीन चालवणारी. मंडळाचे झगेही त्याच शिवत, त्यामुळे कुणाचं पोट किती वाढलंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं.

“दर रविवारी उतरतात,” त्या संध्याकाळी काका डाव्या हाताने सूप पिता पिता शांतपणे म्हणाले. “पाचव्या कडव्याला मी कान लावून बसतो. जिथे पोचले असतील तिथून उचलतो. मग कुणाला कळत नाही.”

“अहो, दर रविवारी? कधीपासून?”

“झाली की दहा-बारा वर्षं.”

बारा वर्षांपूर्वीच काकूंचा आवाज जड झाला होता आणि त्या वरच्या सुराच्या बायकांतून खालच्या सुराच्या रांगेत आल्या होत्या. कुणामुळे उतरतात, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवरा इतकी वर्षं बायकोची लाज झाकत असेल, तर ते त्याच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती. काकांनी वाटी पुढे केली आणि अजून थोडं सूप मागितलं.

मास्तर एरवी शाळेत गणित शिकवत. उत्तर चुकलं की कुठली पायरी चुकली ते शोधायचं, एवढं त्यांना ठाऊक. बुधवारच्या तालमीला त्यांनी जाहीर केलं, “पुढच्या शनिवारी प्रत्येकाने एकेकट्याने पाच कडवी म्हणायची. ज्याचा सूर उतरेल त्याने वर्षभर विश्रांती घ्यायची. राग मानू नका. तोवर रविवारी ते स्तोत्र बंद.”

विश्रांती म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. काकूंच्या वयाला वर्षभर घरी बसलेला गळा परत मंडळात येत नसतो. ते दहा दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मशीनच्या आवाजाखाली त्या पाचही कडवी म्हणून बघत आणि मशीन थांबलं की गप्प होत. चोरी केलेली नसताना मनात चांदणं पडलं होतं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. काकांना हे सगळं दिसत असणार, पण काका म्हणजे संथ वाहणारी नदी. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा.

शनिवारी काकूंनी आपला झगा इस्त्री करून पिशवीत घातला. परत द्यायचाच असेल तर सुरकुत्या पडलेला कशाला द्या?

वेदीमागच्या खोलीत जुना पियानो होता. बाहेरच्या बाकावर काकू बसल्या आणि ज्याची पाळी येईल त्याला, “तू जा, मला काही घाई नाही,” म्हणत राहिल्या. एकेक जण आत जाई आणि सुटलेल्या वासरासारखा बाहेर येई. “मी सुरात होते,” “मीही,” “माझ्याकडे तर बघून हसले मास्तर.” असे तेरा जण झाले. चौदातून तेरा गेले की किती उरतात हे काढायला गणिताचा मास्तर लागत नाही.

काकू आत गेल्या. मास्तर तीन तास एका जागी बसून आंबले होते. त्यांनी वही मिटली, पियानोवर एक सूर दिला आणि पाठ मोकळी करायला म्हणून उभे राहिले.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही. काकूंनी डोळे उघडून पाहिलं, तर मास्तरांचे मिटलेले होते. इतका वेळ वही-पेन्सिलीत अडकलेले हात आता मोकळे सुटून सवयीने ताल देत होते. आणि हातांबरोबर तिसऱ्या कडव्यात मास्तर स्वतः गुणगुणू लागले. ओठ जेमतेम उघडे, आवाज छातीतून. मागून कुणी बाही धरून हळूच खाली ओढावं, तसं काकूंना वाटलं. ही ओढ ओळखीची होती. दर रविवारी तिसऱ्या कडव्यापासून त्या हिच्याशीच झगडत होत्या, आणि ती आपल्याच म्हाताऱ्या गळ्याची आहे असं समजत होत्या.

त्या गायच्या थांबल्या. मास्तरांना पत्ताच नाही. तिसऱ्याचा उरलेला भाग, चौथं, पाचवं, सगळं त्यांनी एकट्यांनी तल्लीन होऊन पुरं केलं. काकूंनी पुढे होऊन पियानोची सुरुवातीची तीच पट्टी दाबली.

मास्तरांनी डोळे उघडले. “उतरलं,” ते कष्टी होऊन म्हणाले. “काकू, तुम्ही?”

“मी तिसऱ्या कडव्यालाच थांबले, मास्तर. पुढचं तुम्ही गायलात.”

“मी कधीच गात नाही. मी फक्त हात करतो.”

“हात चालले की गाता. आत्ताच गात होता.”

मास्तरांनी ती पट्टी स्वतः दाबून पाहिली. मग गुणगुणून पाहिलं. मग पुन्हा दाबली. तेरा जणांना त्यांनी बसून, गप्प राहून ऐकलं होतं, म्हणून तेराही सुरात होते. दिव्याखालचा अंधार त्यांच्या हळूहळू ध्यानात आला आणि ते पियानोच्या स्टुलावर मटकन बसले.

काकूही बसल्या. जीव भांड्यात पडला होता, आणि समोरचा माणूस एवढा शरमलेला असताना आपल्याला इतका आनंद व्हावा याची त्यांना लाजही वाटली. पण आनंद काही केल्या आवरेना.

“आता वर्षभर विश्रांती मीच घ्यायची का?” मास्तरांनी विचारलं.

“हात राहू द्या,” काकू म्हणाल्या, “तोंडाला तेवढी विश्रांती द्या.”

घरी आल्या आल्या त्यांनी पिशवी आपटली. “तुम्हाला माहीत होतं मास्तर गातात ते?”

“वर सगळं ऐकू येतं,” काका म्हणाले. “मास्तर हळवा माणूस. सांगितलं असतं तर सोडून गेला असता. अर्धा स्वर खाली घेऊन भागत होतं.”

“आणि मी इकडे दहा दिवस मरत होते, त्याचं काय?”

“तुला कशाला मरायचं?” काका खरोखरच गोंधळले. “अगं, तू मला विचारलंस कुठे?”

त्या रात्री काकूंनी त्यांना मिठाशिवायचं सूप वाढलं.

रविवारी काका बाकावर बसले. पाकिटाला डिंक लावावा तसे मास्तरांनी ओठ घट्ट मिटले होते. तिसऱ्या कडव्याला त्यांचा डावा हात आपोआप तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. पाचवं कडवं संपलं. मुलीने भीत भीत सूर दाबला, आणि कुठे मंडळ संपलं आणि कुठे ऑर्गन सुरू झाला, ते कुणाला सांगता आलं नसतं. सहावं कडवं काकू आवाज मोकळा सोडून गायल्या.

बाहेर पायऱ्यांवर काका वाट बघत उभे होते.

“लग्नाआधीपासून वर बसतोय,” ते म्हणाले. “खालून आज पहिल्यांदा ऐकलं. वर चौदांचा मिळून एकच आवाज येतो. इथे तू वेगळी ऐकू आलीस.”

“मग?” काकूंनी विचारलं. पंधरा दिवस घशात अडकलेला प्रश्न आता किती सहज निघाला. “उतरले होते का मी?”

काकांनी विचार केला. “चौथ्या कडव्यात. किंचित. लगेच सावरलीस.”

आठवड्यापूर्वी हे ऐकून त्यांनी अन्न टाकलं असतं. आज काकू पायऱ्यांवर उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि चौथ्या कडव्यात नक्की कुठे, ते काकांकडून दोनदा म्हणून घेत घरापर्यंत आल्या.