पळीभर जास्त तेल

कारखान्यातली गॅसची इंजिनं पहिल्यांदा समुद्रापार गेली, तेव्हा त्यांच्या पाठोपाठ पॅकिंग-फोरमनची मुलगीही गेली. पूर्वेकडच्या वाढत्या शहरांत डिझेलच्या बस मोडीत निघत होत्या, गॅसच्या येत होत्या. तिथल्या मेकॅनिकांना ही इंजिनं बसवायला शिकवायचं, हे तिचं काम. घरात तिला भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही.

"सहा महिन्यांत येईल परत," फोरमन सगळ्यांना सांगायचा. त्याआधीच आली तर बरं, हे मात्र तो कुणालाच सांगायचा नाही.

एका सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. पडद्यावर लेक होती आणि तिच्या मागे डेपोची शेड.

"बाबा, इंजिन पेटतच नाहीये! पेटलं तर पांढरा धूर ओकतं, खोकतं आणि बंद पडतं. दोन खोकी उघडली, दोन्ही तशीच. आता बस कंपनीचे साहेब येतील. त्यांच्यासमोर चाललं नाही, तर सगळा माल परत पाठवतील. मालाबरोबर मलाही."

"नाकाला काय लागलंय गं तुझ्या?" आईने मागून डोकावून विचारलं.

"ग्रीस आहे, आई. नंतर पुसते."

फोरमनने वस्तरा खाली ठेवला. दोष कुठे आहे, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. खारी हवा लागून इंजिन आतून गंजू नये, म्हणून खोकं बंद करण्याआधी त्यात तेल फवारतात. डिझेलच्या इंजिनात त्याने ते आयुष्यभर सढळ हाताने मारलं. ते इंजिन थोडं खोकतं आणि तेल जाळून टाकतं. गॅसच्या इंजिनाला मात्र नुसता हलका फवारा पुरे, असं सांगितलेलं होतं. पण ही खोकी त्याची लेक उघडणार होती. त्याचा हात थांबला नाही.

मालाबरोबर मलाही. ते शब्द त्याच्या कानातून जाईनात. नुसतं 'बघ बाई, मला काही सुचत नाही' म्हटलं, की लेक घरी.

"बाबा, ऐकताय ना? गॅसच्या वाटेतच काहीतरी अडलं असणार. मी सगळे पाइप उघडते."

"पाइपांना हात लावू नकोस," तो म्हणाला. "माझंच चुकलं. तेल जास्त मारलं मी. तुझी इंजिनं म्हणून."

"बाबा! इंजिन तळायचं होतं का तुम्हाला?"

"नंतर रागव. आधी गॅस बंद कर. सगळे प्लग काढ. मग नुसता स्टार्टर मार, थांबून थांबून. साचलेलं तेल प्लगच्या भोकांतून उडेल, तोंड बाजूला ठेव. प्लग पुसून कोरडे कर आणि मग लाव."

तिने फोन कुठेतरी टेकवला. पडद्यावर आता फक्त शेडचे पत्रे दिसत होते.

"प्लग ओला झाला तर एवढं काय बिघडतं?" आईने विचारलं.

"प्लग म्हणजे इंजिनाची काडी. ओली काडी पेटते का? डिझेलला काडी लागत नाही, गॅसला लागते."

"एवढं कळतं, तर ओतलंत कशाला?"

"तू तिच्या बॅगेत किती स्वेटर कोंबलेस? घामाने निथळतात तिथली माणसं."

आई पडद्याकडे वळली.

पान्यांचा खणखणाट आला. कुणीतरी ओरडलं, बाकीचे हसले. ओरडणाऱ्याच्या अंगावर तेल उडालं असावं. मग स्टार्टर फिरला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि एकदम सुरात चालू लागलं. फोरमनने डोळे मिटून एकेक सिलिंडर ऐकला. सगळे नीट पेटत होते.

बुटांचे आवाज आले. जाड आवाजात कुणीतरी काही विचारलं. लेक त्यांच्या भाषेत अडखळत बोलली आणि तो जाड आवाज खळखळून हसला. थोड्या वेळाने ती पडद्यावर आली.

"बाबा, साहेब म्हणतात, बाकीच्या डेपोंतही मीच शिकवायचं. वर्षभर तरी." मग हळूच म्हणाली, "राहू का?"

"विचारायचं सोंग करू नकोस," फोरमन म्हणाला. "चेहरा बघ स्वतःचा, कसा फुललाय! राहा, बाळा."

तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती पळाली. पडद्यावर पुन्हा पत्रे.

"फोन बंद करायचा विसरली," आई म्हणाली. "करा तुम्ही."

"असू दे गं थोडा वेळ," तो म्हणाला आणि बायकोसाठी शेजारी जागा केली. पत्र्यांखाली इंजिन चालू होतं, आणि मधूनमधून लेकीचा शिकवतानाचा आवाज येत होता.